मायदोस तालुक्याचा तहसीलदार कोण होता?

सासऱ्यांनी परत जायचं जाहीर केलं तेव्हा माझ्या हातात गरम कुकर होता. तो आदळायचा नाही एवढं भान राहिलं, बाकी काही राहिलं नाही.

"महिनाअखेरचं तिकीट मिळतंय का बघ," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "इथे बसून मी करू काय? दोन महिने झाले, या खुर्चीतून त्या खुर्चीत बसण्यापलीकडे मी काही केलेलं नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुकरकडे पाहिलं. मग तो "बघतो हं बाबा" म्हणाला. हा माणूस कुठल्याही संकटात "बघतो हं" म्हणतो आणि मग कुठेच बघत नाही. पण वडिलांच्या तिकिटाच्या बाबतीत तो खरंच बघेल अशी मला भीती वाटली.

हे २०१५ सालच्या मार्चमधलं. आम्ही तेव्हा ऑकलंडमध्ये हिल्सबरोला राहत होतो. उतारावरचं घर, मागे डेक, आणि डेकवरून खाडी दिसते असं एजंट म्हणाला होता. ओहोटी असली की चिखल दिसायचा. बाबा जानेवारीत आले ते सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन. आम्ही त्यांना बोलावलं होतं ते "आराम करायला". निदान फोनवर तसं सांगितलं होतं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना असंच बोलावतात. या, चार दिवस राहा, काही करू नका, नुसते बसा.

खरी गोष्ट वेगळी होती. सात वर्षं इथे तीन महिने, तिथे सहा महिने अशी तुकड्यातुकड्यांची कामं केल्यावर मला एका कंपनीत पूर्ण वेळची नोकरी लागली होती, टेस्टिंग टीमची लीड म्हणून. फेब्रुवारीपासून पहिले नव्वद दिवस ट्रायल, त्यात कधीही काढू शकतात. माझी लेक दहा वर्षांची. तिची शाळा तीनला सुटायची, मी घरी पोचायची सहाला, आणि इथल्या कायद्याप्रमाणे एवढं मूल घरात एकटं ठेवता येत नाही. शाळेनंतरच्या केअरमध्ये जागा मिळणार होती थेट जुलैत. तोवर तीन ते सहा घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. ते मोठं माणूस म्हणजे बाबा. ते गेले की माझी नोकरी गेली.

पण हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. पुण्यात माझी नणंद आहे. "बाबांना तिकडे पोर सांभाळायला नेलंय" हे वाक्य तिच्या तोंडी कसं वाजेल ते मला इथे बसून ऐकू येत होतं. शिवाय माझाही ताठा कमी नाही. सासऱ्यांचे उपकार घ्यायचे म्हणजे जन्मभर मान खाली. म्हणून मी उलटंच आरंभलं. बाबांनी चहाचा कप विसळायला घेतला की मी हातातून काढून घ्यायची. ते कपडे वाळत घालायला निघाले की "राहू द्या बाबा, मी करते." केर काढायला घेतला की "अहो, तुम्ही कशाला?" दोन महिन्यांत मी त्यांना एका चमच्यालाही हात लावू दिला नाही. आणि स्वतःला आदर्श सून समजत होते!

लेकीचं आणि त्यांचंही काही जमत नव्हतं. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. बाबांना इंग्रजी येतं, पण ते सरकारी पत्रातलं. ती तीनला यायची, "हाय आजोबा" म्हणायची, ते "ये बाळा" म्हणायचे, आणि ती टॅबलेट घेऊन खोलीत जायची. पुढचे तीन तास बाबा खाडीतला चिखल बघत बसायचे.

त्याच आठवड्यात लेक शाळेतून आली ती पाय आपटत. मी त्या दिवशी घरून काम करत होते म्हणून सगळा तमाशा मला पाहायला मिळाला. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडचं सैन्य तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरलं, त्या गॅलिपोलीच्या लढाईला शंभर वर्षं होत होती. इथे त्या लढाईचं फार. दर एप्रिलला पहाटे उठून माणसं स्मारकाशी जातात, कोटाला पॉपीची लाल कागदी फुलं लावतात. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घराण्यातला सैनिक शोधायचा होता. कुणाचा खापरपणजोबा, कुणाच्या आजीचा काका. आमच्याकडे कुठला असायला? मग बाईंनी, बिचाऱ्या भल्या होत्या, अशा मुलांना पलीकडची बाजू वाटून दिली. एकीला तुर्की सैनिकांचं जेवण मिळालं, एकाला गणवेश, आणि आमच्या कन्यारत्नाचं वाचन चांगलं म्हणून तिला विषय मिळाला, ऑटोमन साम्राज्याची प्रशासकीय विभागणी.

"एव्हरीवन एल्स गॉट अ सोल्जर," ती रडत म्हणाली. "आय गॉट अ लिस्ट!"

तिने तो कागद डायनिंग टेबलावर भिरकावला आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाबांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद सरळ केला आणि वाचायला लागले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं होतं. पाच मिनिटांनी ऐकलं तर बाबा स्वतःशीच हसत होते.

"अगं, हे तर आपलंच आहे सगळं!"

"काय आपलं?"

"हे बघ. विलायत. आपण विलायत म्हणजे इंग्लंड समजायचो, हा तर नुसता विभाग निघाला. वर वाली, म्हणजे आयुक्त. विलायतेचे संजाक, म्हणजे जिल्हे, त्यावर मुतसर्रिफ, तो कलेक्टर. संजाकाचे कझा, ते तालुके. कझावर कायमकाम, हा झाला तहसीलदार. खाली नाहिये, त्यावर मुदीर, हा आपला सर्कल. आणि गावात मुख्तार, तो पोलीस पाटील. अरे वा! कुठे तो सुलतान आणि कुठे आमचं तासगाव. पण रचना बघ कशी चोख!"

बाबा महसूल खात्यात चौतीस वर्षं होते. कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. सातारा, सांगली, सोलापूर मिळून सात तालुके त्यांनी पालथे घातले होते. घरात या गोष्टींत कुणाला काडीचा रस नव्हता. मला तर सर्कल आणि तलाठ्यातला फरकही ठाऊक नव्हता. त्यांनी दार वाजवलं. "बाळा, बाहेर ये. ही यादी नाही. हे कुणाचं कुणी ऐकायचं, ते आहे."

दार उघडलं. त्या संध्याकाळी मला प्रथमच त्या दोघांचा एकत्र आवाज ऐकू आला. हे मराठीत, ती इंग्रजीत, आणि मध्ये तुर्की शब्द. रात्री जेवताना बाबा नवऱ्याला म्हणाले, "तिकिटाचं जरा थांब. पोरीचा प्रोजेक्ट झाला की निघतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रोजेक्ट झाला की निघतो. म्हणजे प्रोजेक्ट होऊच द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीत गेले आणि ऑटोमन साम्राज्यावरची जी काही पुस्तकं होती ती उचलून आणली. लहान मुलांचं एक, बाकीची जाडजूड. पंचवीस-तीस विलायती निघाल्या. दोन-दोन दिवसांना एक धरली तरी मे महिना सहज निघत होता. मी एकदम नाही दिली पुस्तकं. एक-एक करून काढायची. "बाबा, हे बघा, बगदाद राहिलंच की." "बाबा, अलेप्पो!" बाबा खूश. बाईंनी सांगितलं होतं एक पोस्टर. आमच्याकडे तीन वह्या भरल्या.

आणि एप्रिलच्या सुट्टीत तर घरात साम्राज्यच स्थापन झालं. बाबांचं म्हणणं, कागदावर कारभार कळत नाही, चालवून बघावा लागतो. मी कामावरून आले तर फ्रिजवर हुकूम चिकटलेला. घर ही विलायत. वाली म्हणजे माझा नवरा, कारण त्याने काहीच करायचं नाही, नुसती सही करायची. ही नेमणूक कुणालाच खटकली नाही. वरचा मजला एक संजाक, खालचा दुसरा. बाथरूम हा कझा, कायमकाम स्वतः कन्या. डेक म्हणजे नाहिये. मागचं गवत सीमाप्रांत. मी विचारलं, "आणि स्वयंपाकघर?"

"ते जेरुसलेम," लेक म्हणाली.

बाबांनी समजावून सांगितलं. जेरुसलेम कुठल्याच विलायतेत नव्हतं. सगळ्यांचाच त्यावर डोळा, म्हणून ते थेट राजधानीच्या हाताखाली. "तुझ्यावर वाली नाही, कुणी नाही. तू स्वतंत्र संजाक."

मला आवडलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी तोऱ्यात होते. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये टॉवेल नव्हता म्हणून मी आतून ओरडले, तर बाहेरून कन्येचा आवाज आला, की जेरुसलेमला बाथरूम कझाशी थेट बोलता येत नाही, आधी राजधानीला लिहावं लागेल. मी ओली, थंडी वाजतेय, आणि बाबा बाहेर तिला शाबासकी देतायत, "बरोबर! योग्य मार्गाने!" त्या दिवशी मी जे बोलले ते ऐकून सुलतानाने राज्य सोडलं असतं. टॉवेल मिळाला, पण अर्ज नंतर भरून घेतला.

हद्दीचं वेड त्याहून वाईट. लायब्ररीतल्या दोन नकाशांत एका संजाकाची सीमा वेगवेगळी होती. बाबांची झोप उडाली. "चतुःसीमा नाही आणि नकाशा छापतात! सही कुणी केली यावर?" मग आजोबा-नात मोजणी म्हणजे काय ते शिकायला टेप घेऊन मागे गेले. आमच्या शेजाऱ्यांचं फिजोआचं, म्हणजे लहान हिरव्या पेरूसारख्या फळाचं, झाड कुंपणावरून आमच्याकडे झुकलेलं, एप्रिलमध्ये खाली फळांचा सडा. शेजारी सत्तरीचे, गोरे, एकटे राहणारे. बाबांनी त्यांना कुंपणावरून टेपचं दुसरं टोक धरायला दिलं. ते "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत "चालेल की", म्हणून तासभर टोक धरून उभे राहिले. आमच्या बाजूला पडलेल्या फिजोआचा दहावा भाग सरकारजमा झाला पाहिजे, असा निकाल लागला. सरकार म्हणजे कोण हे ठरेना, म्हणून मग दोघांनी ती फळं कुंपणाशीच उभं राहून खाल्ली.

सुट्टी संपली आणि मला ऑफिसात बाईंचा फोन आला. शाळेचा फोन म्हणजे एक तर ताप, नाही तर मारामारी.

"तुमच्या मुलीचा ईमेल आलाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे, छान आहे. पण मला नक्की काय करायचंय ते कळलं नाही."

त्यांनी वाचून दाखवला. रिस्पेक्टेड मॅडम, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट. पोस्टरची मुदत चार दिवसांनी वाढवून मिळावी ही विनंती. सोबत प्रती दोन. काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज. खाली पोरीची सही, आणि सहीच्या डावीकडे आवक-जावकचा नंबर.

मी टेबलाखाली शिरायचीच बाकी होते. बाईंनी चार दिवस दिले. मला तेवढंच बरं.

पण माझी युक्ती संपत आली होती. बसरा झालं, दमास्कस झालं. एक विलायत पुरी झाली की बाबा तिच्यावर रेघ मारायचे आणि मी उरलेल्या मोजायची. त्यातच त्यांना मायदोस सापडलं.

गॅलिपोली हे एद्रिने विलायतेतल्या एका संजाकाचं ठिकाण. न्यूझीलंडचं सैन्य ज्या किनाऱ्यावर उतरलं तो भाग मायदोस कझात. एवढं पुस्तकात मिळालं. बाबांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तहसीलदार कोण होता?"

"कुठला?" लेकीने विचारलं.

"मायदोस तालुक्याचा. तिकडून बोटी आल्या, तोफा सुरू झाल्या. सैन्य सैन्याशी लढलं, ठीक. पण गावं रिकामी कुणी केली? बैलगाड्या कुणी गोळा केल्या? म्हाताऱ्या माणसांना कुठे नेलं, त्यांना खायला कुणी घातलं? सेनापती करतो होय हे? हे आमचं काम!"

मग त्या दोघांनी आठवडाभर त्या कायमकामाचं नाव शोधलं. माझी सगळी पुस्तकं चाळून झाली, टॅबलेटवर शोधून झालं. सेनापतींची नावं सापडली, जहाजांची सापडली, जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या एका गाढवाबद्दल तर पानंच्या पानं. कायमकामाचं नाव कुठेच नाही. बाबा हताश झाले. मला त्यांचं हसू येत होतं, आणि मनातून मी देवाला सांगत होते, देवा रे, हे नाव जुलैपर्यंत सापडू देऊ नकोस.

पण पोस्टर कधी ना कधी जायचंच होतं. एका शुक्रवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलं आपापलं दाखवणार होती, आजी-आजोबांना खास बोलावणं होतं. मी ट्रायलमध्ये असताना अर्ध्या दिवसाची रजा काढली. बाबांनी कोट घातला. नवरा "बघतो हं, जमलं तर येतो" म्हणाला आणि चक्क आला.

हॉलमध्ये फ्रेममधली पदकं, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, खऱ्या सैनिकांचे फोटो. आमच्या पोस्टरवर चौकटी आणि बाण. खाली "सबमिटेड फॉर काइंड ऑर्डर्स प्लीज", आणि कोपऱ्यात "खरी प्रत" असं लिहून बाबांची सही. मला अगदी कानकोंडं झालं. बाकी लोक पदकांपुढे गर्दी करतायत आणि माझ्या पोरीच्या पुढे कोण थांबणार?

तिचं नाव पुकारलं. ती इंग्रजीत बोलली, मी इथे मराठीत सांगते. आधी तिने विलायत ते मुख्तार भराभर सांगून टाकलं. मग पोस्टरच्या मधोमध काढलेल्या एका माणसावर बोट ठेवलं. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात दोरीचा चष्मा.

"हा मायदोसचा कायमकाम. याचं नाव मला सापडलं नाही. याच्याकडे बंदूक नव्हती, याच्याकडे यादी होती. तोफा सुरू झाल्यावर कुणाला कुठे न्यायचं ते याने ठरवलं असणार. हा कसा दिसायचा ते ठाऊक नाही, म्हणून मी माझे आजोबा काढलेत. त्यांचंही हेच काम होतं. एकदा पूर आला तेव्हा त्यांनी एका शाळेत चारशे माणसं चार दिवस सांभाळली. पाणी उतरल्यावर त्यांनी यादी तपासली तर एक माणूस जास्त भरला. एका बाईला तिथेच बाळ झालं होतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं. "मला हे माहीतच नाही," तो पुटपुटला. "मी तेव्हा पाचवीत होतो. बाबा चार दिवस घरी आले नाहीत म्हणून रुसलो होतो."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तुझ्या आजोबांना पदक मिळालं का?

"नो," लेक म्हणाली. "ही गॉट ट्रान्सफर्ड."

सगळा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. इतके हसले की त्यांना कोटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले. त्यानंतर पोस्टरपुढे इतकी माणसं थांबली की शेवटी बाईंनी त्यांना चहाकडे वळवलं.

म्हणजे प्रोजेक्ट झाला. आणि तिकिटाच्या बाबतीत नवऱ्याने खरंच बघितलं होतं, पुढच्या आठवड्याचं काढून ठेवलं होतं. संध्याकाळी मी घरी आले तर बाबांची सुटकेस पलंगावर उघडी, अर्धी भरलेली. मी सकाळीच, हॉलमधून ऑफिसला जाताना, वाट वाकडी करून शेवटचं पुस्तक आणलं होतं. ते पुढे केलं.

"बाबा, येमेन राहिलंय."

त्यांनी पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं आणि माझ्या हातात परत दिलं. "बस जरा."

मी बसले.

"चौतीस वर्षं लोक माझ्याकडे फायली लांबवायला यायचे. सगळे प्रकार मी पाहिलेत. बगदाद तू पुढे सरकवलंस तेव्हाच मी ओळखलं. पद्धत चांगली आहे तुझी. पण कारण कुठे नमूद नाही."

मी म्हटलं, "तिला तुमची इतकी सवय झालीय..."

"ते तिचं झालं. अर्जदार तू आहेस. तुझं कारण सांग."

आणि माझा तोल गेला. मला रडू येणार असलं की आधी राग येतो, ही माझी जुनी खोड. "नोकरी हवीय मला! सात वर्षांनी मिळालीय! तीन ते सहा घरात कुणी नसलं तर ती सोडावी लागेल. तुम्हाला आराम करायला बोलावलंच नव्हतं, खोटं बोलले मी. पोर सांभाळायला बोलावलं. आता खुशाल सांगा पुण्याला, सून राबवते म्हणून!"

बाबा सुटकेसशेजारी बसले.

"म्हणजे पहिल्यापासून मला इथे काम होतं?"

"होतं."

"रोज तीन ते सहा?"

"हो."

"आणि मी रोज तीनला त्या खुर्चीत बसून विचार करायचो, की यांनी आपला कपसुद्धा आपल्याला धुऊ दिला नाही, इतके आपण निकामी झालो का?" "अगं, मी कामावर होतो. मलाच कुणी कळवलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने मी ज्याला मान देणं समजत होते ते त्या माणसाला आतून खात होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. थांबा ना बाबा." एवढे दोन शब्द बोलायला मी सगळं साम्राज्य पालथं घातलं होतं.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "तिकीट रद्द कर. 'बघतो हं' म्हणू नकोस, आत्ता माझ्यासमोर कर." मग सुटकेसमधले शर्ट काढून परत कपाटात लावायला लागले. मी सवयीने पुढे झाले, "राहू द्या, मी..." आणि जीभ चावली. ते शर्ट त्यांनीच लावले, घड्या जरा वाकड्याच झाल्या.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी धावपळ करत निघाले. किल्ली, डबा, लॅपटॉप, तोंडाने सूचना चालू. बाबा दारात उभे होते, हातात स्वतः केलेला चहा. म्हणाले, "सहाला ये. सात झाले तरी चालेल. घाई करू नकोस, मी आहे."

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. माहेरी काय, सासरी काय, मी उंबरा ओलांडला की पाठीमागून "लवकर ये" असायचंच. घाई करू नकोस असं मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. मी गाडीत बसून ढसाढसा रडले, आणि ट्रायल संपायला आठवडा उरलेला असताना ऑफिसात पंधरा मिनिटं उशिरा पोचले.